घट्ट वरणासाठी

कमलवहिनी गेल्याचा फोन आला तेव्हा मी इंदापुरात रशीदभाईंच्या किराणा दुकानात, मुठीत तूरडाळ घेऊन भाव पाडत उभा होतो. तिनंच धाडलं होतं. तीन दुकानं झाल्याशिवाय परत यायचं न्हाय, असं सकाळी पिंपळीतून निघताना बजावलंही होतं. छातीत कळ आली आणि तासाभरात सगळं संपलं. रशीदभाईंनी माझ्या मुठीतली डाळ काढून घेतली, शटर निम्मं ओढलं, मला स्टुलावर बसवलं. "ह्या बाईनं मला पंधरा वर्षं लुटलं, तात्या," ते म्हणाले, आणि डोळे पुसायला लागले...

वहिनी माझ्या थोरल्या भावाची बायको. भाऊ गेल्यावर तिनं बारामती एमआयडीसीच्या रस्त्याला खानावळ काढली. चाळीसेक कामगार दोन्ही वेळ जेवायचे. डाळ महागली की आसपासच्या खानावळींत वरण पातळ व्हायचं, इतकं की माणसानं त्यात बघून भांग पाडावा. हिनं मात्र ठरवूनच टाकलेलं, ताटाचा दर वाढवायचा नाही आणि वरणात पाणीही वाढवायचं नाही. "दिवसभर मशिनीवर उभी ऱ्हात्यात ती पोरं. त्यास्नी पिवळं पाणी वाढू व्हय?" मग उरलं काय, तर दुकानं पालथी घालणं. तेल एकीकडं, गूळ दुसरीकडं, डाळीसाठी थेट इंदापूर. ती पिशवी घेऊन बाजारात शिरली की दुकानदार भावाची पाटी आपण होऊन पुसायचे, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. सगळे नसतील, एक तरी पुसायचा. एवढं फिरून पेट्रोल किती जळतं, असं कुणी टोचलं तर थंडपणे सांगायची, "पेट्रोल भावजींचं हाय."

फसली एकदाच, तीही माझ्यामुळं. लोणी देवकर गावात एक दुकान डाळ फार स्वस्त देतंय असं कळलं आणि मी पोतंच उचलून आणलं. ती डाळ काही शिजेना. कुकरच्या शिट्ट्या एवढ्या झाल्या, की पाळी सुटली समजून कंपन्यांतले लोक मोटारसायकली काढायला लागले. वहिनीनं त्या दिवशी चाळीस जणांना पिठलं वाढलं, प्रत्येकाची माफी मागितली. दुसऱ्या दिवशी पोतं माझ्याच गाडीवर लादून त्या दुकानदाराच्या घरी गेली आणि त्याच्या बायकोला ती डाळ शिजवायला बसवलं. दुपारपर्यंत बायको वहिनीच्या पक्षात आली, अन् पोतं परत घेतलं गेलं. तेव्हापासून मूठभर डाळ घरी शिजवून बघितल्याशिवाय तिनं खरेदी केली नाही. म्हणजे माझ्या दोन खेपा.

दहावा झाल्यावर तिचा मुलगा सचिन म्हणाला, एवढी वणवण आता कोण करणार, वरण जरा पातळ करू. त्याची बायको रेश्मा भाकरी थापत होती. मान वर न करता म्हणाली, "पातळ न्हाय व्हणार." आणि सकाळी माझ्या दारात येऊन गाडीची किल्ली मागितली. मी नेतो की, म्हणालो. "नको तात्या. तुमी दुकानात गप्पा हाणत बसता, आत्या सांगायच्या."

दुपारी रशीदभाईंचा फोन आला. सूनबाई आल्या, मूठभर डाळ पुडीत बांधून घेतली, भाव ऐकून हसल्या आणि काही न बोलता समोरच्या दुकानात गेल्या, असं ते जरा घाबरूनच सांगत होते. "आता काय करू, तात्या?"

"काय करताय... परत येईल, तवर भाव उतरवून ठेवा."