सुतकातला हप्ता

सुमित्राबाईला सासरहून उभ्या आयुष्यात दोनच वेळा टपाल आलं, आणि दोन्ही वेळा ते कोपरा फाडलेलं कार्ड होतं. कोपरा फाडलेला म्हणजे मयतीची खबर, हे वाचता न येणाऱ्यालाही कळतं. दिवाळीला लुगडं नाही, आजारपणात विचारपूस नाही, पण कुणी मेलं की मात्र सासरच्यांना सुनेचा पत्ता बरोबर सापडायचा.

तळेगावच्या रूपरावशी तिचं लग्न झालं होतं. दोन वर्षांत त्यानं तिला माहेरी आणून सोडलं आणि दुसरी बायको केली. सोडचिठ्ठी दिली नाही, पोटाला दिलं नाही. आई गेल्यावर ती नालवाडीत आमच्या भिंतीला लागून असलेल्या खोलीत राहायला आली आणि शिवणावर पोट भरू लागली. झबली, परकर, पोलकी, शाळेचे सदरे. आधी सगळं हातशिलाईनं करायची. मग त्रेपन्न साली तिनं वर्ध्याच्या कृष्णकांत शेठच्या दुकानातून हप्त्यानं मशीन घेतली. पायानं चालवायची, काळीभोर, अंगावर सोनेरी वेलबुट्टी. बाईनं तिला दृष्ट लागू नये म्हणून काळा दोरासुद्धा बांधला होता.

मशीन 'घेतली' असं ती म्हणायची. कागद तसं म्हणत नव्हता. शेवटचा हप्ता फिटेपर्यंत मशीन दुकानाची, बाई नुसती भाडेकरी, आणि मधे कसूर झाली तर मशीन परत आणि तोवर दिलेलं सगळं भाड्यात गेलं, असं त्यात होतं. सही करताना शेठ म्हणाला होता, "लिखापढीची रीत असते बाई, घाबरू नका." तिनं सही केली. वर्ध्यात त्या कागदावर सही केलेल्या बायका पुष्कळ होत्या, आणि तो कुणी धड वाचून दाखवला असेल तर माझं नाव बदला.

दर पाच तारखेला शेठचे मुनीम पुंडलिकराव सायकलवरून हप्ता न्यायला यायचे. गळ्यात तुळशीची माळ, कपाळाला बुक्का, बोलणं असं गोड की मुंग्या लागाव्यात. बाई त्यांना चहा द्यायची. एकही हप्ता तिनं मागे ठेवला नाही. शेवटचे दोन उरले आणि ते पहिलं कार्ड आलं. तिचे जेठ, म्हणजे थोरले दीर हरिभाऊ, तळेगावला वारले होते.

मी म्हटलं, "कशाचं सुतक पाळता बाई? त्या जेठानं तर तुम्हाले घरातून काढताना पेटीसुद्धा उचलू नाई दिली."

"कुंकू त्याच घरचं लावतो ना मी?" ती म्हणाली. "मंग सुतकबी त्याच घरचं."

तिनं मशीनवर चादर टाकली आणि दहा दिवस सुईला हात लावला नाही. मधेच पाच तारीख आली. पुंडलिकराव सायकल टेकवून पायरी चढणार, तर हिनंच आतून आवाज दिला, "मुनीमजी, लांबूनच घ्या. सुतक हाय." पैसे तिनं उंबऱ्यावर ठेवले होते. मी माझ्या दारात तांदूळ निवडत होते, सगळं माझ्या डोळ्यांदेखत झालं.

पुंडलिकराव एक पाऊल मागे सरले. "नाई बाई. सुतकातला पैसा शेठजीच्या गल्ल्यात नाई चालत. गल्ल्यावर लक्ष्मीचा फोटो हाय."

"पन तारीख उलटून जाईन ना?"

"तारखेचं काय घेऊन बसल्या? सुतक फिटू द्या, मंग घेऊन जातो."

सायकल वळवून ते गेले. बाईनं पैसे भिंतीतल्या देवळीत ठेवले आणि निश्चिंत झाली. धर्माचा माणूस बोलला होता ना!

सुतक फिटलं, तरी पुंडलिकराव आले नाहीत. दोन दिवस वाट पाहून आम्ही दोघी वर्ध्याला दुकानात गेलो. बाईनं पैसे समोर ठेवले. कृष्णकांत शेठनं त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. कपाटातून कागद काढला आणि एका ओळीवर बोट ठेवून मोठ्यानं वाचलं: ठरल्या तारखेस हप्ता दुकानी जमा न झाल्यास कसूर समजली जाईल.

"पैसे तयार होते, शेठजी. तुमच्याच मानसानं नाई घेतले. सुतक होतं माह्या घरी."

शेठ हसला. "कागदात सुतक लिहिलं हाय का, बाई?"

पुंडलिकराव तिथेच बसले होते. मी त्यांच्याकडे पाहिलं. ते रूळ घेऊन कोऱ्या पानावर रेघा आखू लागले. इतका देवभोळा माणूस, सुतकाच्या पैशाला हात लावला नाही, पण खरं बोलायला तोंड उघडायची पाळी आली तेव्हा त्याची वाचा बसली. मला त्या शेठपेक्षा त्या माळेचा राग जास्त आला, आणि तो अजून गेलेला नाही. चोर परवडला, त्याला निदान माळ घालायची गरज वाटत नाही.

दुसऱ्या दिवशी शेठची बैलबंडी आली आणि मशीन घेऊन गेली. बाई दारात उभी राहून पाहत होती. रडली नाही. काळा दोरा सोडून घेते म्हणाली, तर बंडीवाल्याला तेवढाही दम नव्हता.

माझ्या यजमानांच्या ओळखीचे प्रभाकरराव वकील होते. त्यांच्याकडे गेलो. त्यांनी चष्मा लावून कागद दोनदा वाचला आणि खाली ठेवला.

"बाईनं पैसे देऊ केले की नाही, हे हा कागद विचारतच नाही," ते म्हणाले. "दुकानात पोचले का, एवढंच विचारतो. न पोचायला कोण कारण झालं, त्याला जागाच ठेवलेली नाही. मुनीम साक्ष देईल का?"

"तो शेठचं मीठ खाते," बाई म्हणाली.

"मग कोर्टात मशीनच्या किमतीहून जास्त खर्च होईल. मनिऑर्डर केली असती आणि शेठनं परत धाडली असती, तर पोस्टाचा शिक्का तरी आपल्या हाती असता."

घरी येताना मी वाटभर बडबडत होते. असा कसा कागद? देणारा हात पुढे करतो, घेणारा हात मागे घेतो, आणि कसूर कुणाची तर देणाऱ्याची! चुकणाऱ्याला चुकलेला म्हणा, माझं काही म्हणणं नाही. पण जो दार लावतो त्यानंच बाहेरच्याला गैरहजर म्हणायचं, याला व्यवहार म्हणतात होय?

महिनाभर तिनं पुन्हा हातशिलाई केली. मग एक दिवस मला घेऊन त्याच दुकानात गेली. तिची मशीन तिथे तेलपाणी करून मांडली होती. पट्ट्याजवळ काळा दोरा तसाच होता. किंमत मात्र नव्या मशीनची.

"हेच पायजे. हप्त्यानं," ती शेठला म्हणाली.

बाहेर आल्यावर मी तिच्यावर ओरडले. रस्त्यावरची माणसं थांबून पाहू लागली इतकी ओरडले. "काऊन? त्याच चोराची पायरी काऊन चढता?"

"दुसरा कोनी मले उधार नाई देत, शरयू. अन रुसून पोट नाई भरत."

झालं! आपलीच मशीन तिनं पहिल्या हप्त्यापासून पुन्हा विकत घ्यायला सुरुवात केली. पण पुंडलिकरावांची वाट तिनं पुन्हा कधी पाहिली नाही. तारखेच्या आधीच नालवाडीहून चालत दुकानात जायची, पैसे समोर मोजून द्यायची आणि पावती हातात पडेपर्यंत हलायची नाही. ताप असला तरी जायची. मधे राज्य बदललं, आपण मध्यप्रदेशातून मुंबई राज्यात गेलो, कचेऱ्यांवरच्या पाट्या बदलल्या. शेठचा कागद तोच राहिला.

शेवटच्या हप्त्याच्या दिवशी सकाळीच ती माझ्या दारात आली. ठसठशीत कुंकू, हातभर हिरव्या बांगड्या, धुतलेलं लुगडं. "चाल, सोबत," म्हणाली. मला वाटलं, मशीन आज आपली होणार म्हणून नटली आहे. वाटेत मी तिची थट्टाही केली.

दुकानात पुंडलिकरावांनी नोटा मोजल्या आणि लक्ष्मीच्या फोटोखालच्या गल्ल्यात टाकल्या. शेठनं कागदावर 'हिशेब चुकता' लिहून सही केली. बाईनं तो कागद मला वाचायला लावला, घडी घालून पोलक्यात ठेवला, आणि मग शांतपणे म्हणाली, "पुंडलिकराव, आता घरी जाऊन आंघोळ करा. माहा नवरा गेला. काल कार्ड आलं."

पुंडलिकरावांचा हात गल्ल्यावरच राहिला. मी तिच्या कुंकवाकडे पाहत राहिले. शेठ गादीवरून उठला. "लाज नाई वाटत बाई? नवऱ्याच्या सुतकात पैसा आनला माह्या लक्ष्मीपुढं?"

"कागदात सुतक लिहिलं हाय का, शेठजी?"

एवढं बोलून ती पायऱ्या उतरली. नालवाडीच्या वाटेला लागेपर्यंत ती माझ्याही पुढे भराभर चालत होती. मग एका कडुलिंबाखाली बसली, तोंडात पदर कोंबला आणि रडली. ज्यानं तिला एक वेळचं जेवण घातलं नाही त्याच्यासाठी रडली, आणि त्याचाही मला संताप आला.

डोळे पुसून तिनं दोन्ही हात माझ्यापुढे केले.

"शरयू, बांगड्या उतरव माह्या. फोडू नको. काच लागला तं उद्या मशीन चालवता नाई येनार."