दुसरी यादी

घोंगड्या विकणारे ते अण्णा कुठलाही सरकारी कागद दिसला की विचारायचे, "हे कुठल्या यादीतलं?" दिल्लीच्या एका खात्याने हुमनाबादजवळच्या आमच्या गावचा आठवडी बाजार बंद करायचं पत्र धाडलं, तेव्हा ते ग्रामसभेत उठले. "बाजार घटनेच्या दुसऱ्या यादीत हाय. राज्याचा हक्क. दिल्ली कामून हुकूम सोडायलीय?"

"रेशनच्या यादीत नाव हाय की तुमचं, अण्णा!" मी म्हणालो. सभा हसली. कारकून मीच; इतिवृत्तात लिहिलं, 'रेशनची तक्रार.'

त्यांनी घटनेचं पान जोडून बंगळूरला राज्य सरकारकडे अर्ज धाडला. राज्याने हरकत घेतली, दिल्लीने पत्र मागे घेतलं. बाजारात हलगी कडाडली.

त्याला बरीच वर्षं झाली. परवा त्याच बाजारात ती खोटी नोंद त्यांच्यापुढे कबूल केली. घोंगडी झटकत ते हसले, "अप्पा, आता तुम्हास्नी कुठल्या यादीत घालू?"