भर मे महिन्यात चढलेली नदी

कर्जतच्या दहिवलीत जन्म गेल्यामुळे नदी या विषयात मी स्वतःला अधिकारी समजतो. घरामागून उल्हास नदी जाते आणि मे महिन्यात तिच्यात दगड सोडले तर फारसं काही नसतं. म्हणून मागच्या उन्हाळ्यात सासऱ्यांना पेज नदीच्या फरशीवर न्यायचं ठरलं आणि बायकोने विचारलं, "पाण्याची माहिती काढलीत का?" तेव्हा मी नुसता हसलो.

फरशी म्हणजे नदीत जवळजवळ बसलेला बुटका पूल. त्याच्या खालच्या अंगाला वाळू आहे. सुट्टीला लांबलांबची माणसं तिथे डुंबायला येतात. त्या दिवशी सगळे काठाला चिकटून बसले होते. मधला सपाट खडक रिकामा. एवढी छान जागा कुणालाच कशी दिसली नाही, याचं मला नवल वाटलं. घोटाभर पाण्यातून सासऱ्यांना हाताला धरून नेलं आणि खडकावर खुर्ची मांडून बसवलं. त्यांच्या दोन्ही गुडघ्यांची ऑपरेशनं झालेली, पोहता येत नाही.

काठावर दोन बायका गोधड्या धूत होत्या. त्यातली वयस्कर म्हणाली, "दादा, बाबांना हिकडं आणा. पाणी सुटायची येळ झाली."

"मावशी, आमीपण हितलेच हाय," मी मुद्दाम गावचा सूर लावला.

"कुठलं?"

"दहिवलीचे."

"मंग उल्हासचं. तुमाला पेजचं काय ठावं," असं म्हणून तिने गोधडी पिळली.

वरच्या वीजघरातून पेजेत पाणी सोडतात, हे कर्जतमध्ये शाळेतली पोरंसुद्धा सांगतील. मीही सांगितलं असतं. फक्त ते पाणी कधीतरी इथेही पोचत असणार, हा विचार मी आयुष्यात केला नव्हता.

थोड्या वेळाने त्या बायकांनी गोधड्या उचलून वर नेल्या. पाण्यावर थबकलेलं पिंपळाचं पान हललं, वळलं आणि चालू लागलं. आवाज काहीच नाही. डोक्यावर कोरडं, पांढरं आभाळ, आणि माझ्या पायांना बर्फासारखं गार पाणी. घोट्याचं पोटरीला आलं.

मी सासऱ्यांना उठवलं आणि धाडकन मीच बसलो. खुर्ची वाहत गेली. मावशी पदर खोचून आत शिरली. "बाबा, खाली बघू नका. माज्या खांद्याला धरा." मला म्हणाली, "तू मागून ये रं. त्यांना धरू नको, पाडशील."

गुडघाभर पाण्यात सासरे थांबले. घाबरले असतील म्हणून मी धीर द्यायला तोंड उघडलं. पण ते मान वळवून वरच्या अंगाला बघत होते. मग मीही पाहिलं. पात्रातला एकेक दगड काळा पडत होता आणि नाहीसा होत होता. पावसाचा थेंब नसताना अख्खी नदी घाई न करता चालत येत होती.

"चला बाबा, वरून बघा," मावशी म्हणाली.

फरशीवर पोचलो तेव्हा खडक गेला होता. वाळूही गेली. भर उन्हात खालून गार वारा येऊ लागला आणि डुंबणारी पोरंसुद्धा वर येऊन बघू लागली. मावशीने टोक धरून गोधडी नव्या पाण्यात सोडली, ती माणूसभर फुगली.

मी माफीची तयारी करत होतो. मग सासऱ्यांनी मला ओलांडून मावशीला विचारलं, "उद्या किती वाजता येतं?"