टपावरची सहा पाकिटं

मुंजाबा घाबरतो. एवढं सांगितलं की त्याचं निम्मं चरित्र सांगून झालं. रस्ता ओलांडताना घाबरतो, फोन वाजला की घाबरतो, बरेच दिवस वाजला नाही तरी घाबरतो. राहतो मुकुंदवाडीत आणि चिकलठाण्याच्या एका लहान कारखान्यात जिवाणू सांभाळतो. आजाराचे नव्हेत, शेतीच्या कामाचे. बियाण्याला चोळले की ते पिकाच्या मुळांवर राहायला जातात. त्याच्या बापानं ऐंशी मेंढरं राखली. मुंजाबाच्या हातातल्या एका काचेच्या चंबूत अब्जावधी जीव असतात आणि त्यातला एकही ओरडत नाही. त्यामुळे मेला की जिता, ते कळायला मार्ग नाही. बापाच्या धंद्यात ही अडचण नव्हती.

कारखान्यातल्या श्रेया मॅडमनी त्याला पहिल्याच आठवड्यात सांगून ठेवलं होतं, ‘‘अठ्ठावीस अंश यांना मानवतं. चाळिशीपुढं गेलं की सांगता येत नाही.’’ ते ‘सांगता येत नाही’ मुंजाबाच्या पोटात कायमचं बसलं.

यंदा जूनमध्ये फुलंब्रीकडं दिलेल्या त्याच्या धाकट्या बहिणीनं, बानाबाईनं, दोन एकर माळ फोडला. तिथं आजवर मेंढरंच चरलेली, सोयाबीन पहिल्यांदाच. मुंजाबानं आयुष्यात एकदाच छातीठोकपणे सांगितलं, ‘‘बाने, युरिया टाकू नको. हवेतला नत्र माझे जिवाणू देतील. आयतं मिळालं तर झाड त्यांना दारात उभं करत नाय.’’

पेरणीच्या दिवशी तो जिवाणूंच्या भुकटीची सहा पाकिटं घेऊन निघाला. पाऊस होऊन आठवडा झालेला, पण ऊन मे महिन्याचंच उरलेलं. काळी-पिवळीच्या ड्रायव्हरनं त्याची पिशवी उचलून जीपच्या टपावर टाकली. ‘खाली घ्या’ एवढंच म्हणायचं होतं. पण ड्रायव्हर नुकताच एका म्हाताऱ्यावर खेकसला होता. मुंजाबा गप्प बसला. जीप भरेपर्यंत एक तास गेला, रस्त्यात दुसरा. उतरल्यावर हात लावला, तर पिशवी तव्यावरून काढलेल्या भाकरीसारखी.

भुकटी बियाण्याला चिकटावी म्हणून बानाबाईनं गुळाचं पाणी उकळून गार करून ठेवलं होतं. तिनं पाकीट फोडून काळी भुकटी हुंगली.

‘‘जित्ती हायत ना रं दादा?’’

‘‘व्हय,’’ मुंजाबा म्हणाला.

मग तिनं बियाण्याला ती भुकटी हलक्या हातानं चोळली, बी गोणपाटावर सावलीत पसरलं, आणि जिवाणूंना झळ लागू नये म्हणून उन्हाच्या बाजूनं लुगडं बांधलं. मुंजाबाला ते बघवेना. दुपारनंतर पेरणी झाली.

त्यानंतरचे सव्वीस दिवस मुंजाबा कारखान्यात होता, पण नजर दोन एकर मातीच्या खाली. वाढतं मूळ गोडसर रस सोडतं. त्याच्या मागावर जिवाणू येतात. कोणी मुळावरच बिऱ्हाड मांडतो, कोणी लगतच्या मातीत. सोयाबीनचे हे खास जिवाणू मुळाच्या केसात शिरतात, मग मुळाला बारीक गाठी धरतात. आत झाड त्यांना साखर देतं, ते झाडाला नत्र. आणि मेलेले असले तर? मूळ रस सोडत राहील आणि कोणी येणार नाही. माळावर कधी सोयाबीन नव्हतं, म्हणजे या जातीचं आधीचं कोणी असण्याचीही आशा नाही. बहिणीचं पीक खाली उपाशी उभं असल्याचं त्याला दिसायचं आणि हातातला घास ताटात परत जायचा.

शेवटी त्यानं श्रेया मॅडमना विचारलं, ‘‘मॅडम, समजा पाकीट उन्हात राहिलं...’’

‘‘किती वेळ?’’

‘‘समजा.’’

‘‘समजा किती वेळ, मुंजाबा?’’

‘‘दोन तास.’’

त्यांनी त्याच्याकडं जरा जास्तच वेळ पाहिलं. ‘‘काही मरतात, काही तगतात. मुळं बघितल्याशिवाय सांगता येत नाही.’’

रविवारी तो रानात पोचला. सोयाबीन फिकट पिवळं. बानाबाईचा नवरा फकिरा बांधावर उभाच होता.

‘‘पाव्हणं, तुमच्या जिवाणूंनी संप केला का काय? शेजाऱ्याचं बघा, युरिया खाऊन काळंभोर झालंय.’’

‘‘गप बसा,’’ खुरपत असलेली बानाबाई म्हणाली. ‘‘दादा नाय म्हणला म्हंजे नाय.’’

हा विश्वास मुंजाबाला सोसला नाही. तो वाकला, समोरचं झाड धरलं आणि हिसडा दिला. मुळं वर आली. पांढरी, स्वच्छ. एकही गाठ नाही.

खाली बसून त्यानं सगळं सांगितलं. टप, ड्रायव्हर, गरम पिशवी, आणि ते ‘व्हय’.

बानाबाईनं दुसऱ्या झाडाभोवती खुरपं खोल घातलं, ढेकळासकट उचललं आणि पाण्याच्या बादलीत हलकेच हलवलं. माती सुटली. सोटमुळावर वरच्या अंगाला ज्वारीच्या दाण्याएवढ्या पाच-सहा गाठी होत्या. तिनं एक नखानं फोडली. आतून गुलाबी, म्हणजे जिवाणू जिते.

‘‘असं उपटत्यात व्हय? गाठी तुटून मातीत राहिल्या की. आन् म्हणं जिवाणू राखतो.’’

मुंजाबाला सुटकेचा हुंदका आला, पण तो जरा घाईनंच आला होता. पुढच्या झाडाला तीन गाठी, त्याच्या पुढच्याला एकही नाही. बानाबाईनं दहा झाडं काढली. चारांना होत्या, सहांना नव्हत्या.

‘‘उन्हात गेली ती गेली,’’ ती म्हणाली. ‘‘पण तू तवाच बोलला असता, तर मी दुसरी मागवली असती. मी इचारलं व्हतं तुला. जा आता, गावातनं युरियाचं पोतं आण. तुझ्या ‘नाय’वर रान उपाशी ठिवायचं नाय मला.’’

मुंजाबा निघाला. मागं तिनं अकराव्या झाडाला खुरपं लावलं होतं. त्याला काय निघालं, हे बघायला तो थांबला नाही.