गौरम्माची पाठवणी

परभणीत स्टेशन रोडला माझं चष्म्याचं दुकान आहे आणि भिंतीला भिंत लागून ईश्वरअप्पाचं जुन्या सामानाचं. लोक त्याला भंगारवाला म्हणत. तोंडावर तसं कुणी म्हटलं की अप्पा त्याला पायरी चढू देत नसे. अशानं गिऱ्हाईक टिकत नाही, हे मी त्याला चाळीस वर्षं सांगितलं. ऐकेल तर शपथ! "भंगार वजनावर जातंय. माझं सामान नजरेवर जातंय," एवढंच त्याचं उत्तर. कपाळावर भस्माचे तीन पट्टे, डोळ्याला भिंग, आणि कुठल्याशा विलायती कपबशीचं बूड तासभर बघत बसलेला हा माणूस.

नजर मात्र त्याला होती, कबूल केलं पाहिजे. निजामाच्या काळात इकडच्या बड्या लोकांनी हौसेनं विलायतेहून काय काय मागवलं होतं. तसल्या एका घरच्या लिलावात सगळे पलंग-कपाटांवर तुटून पडले, तेव्हा अप्पानं संगमरवरी मुलगी उचलली. कंबरेपर्यंतची, मान जराशी खाली घातलेली, दुधासारखी पांढरी. "इटलीचं काम हाय," तो सांगत सुटला. कुणी मानलं नाही. सख्खा भाऊ म्हणाला, कुठल्या बागेतून उपटून आणलीस?

अप्पाला मूलबाळ नव्हतं. बायकोनं, चन्नबसम्मानं, त्या पुतळ्याचं नाव गौरम्मा ठेवलं आणि तीस वर्षं रोज मऊ फडक्यानं तिची धूळ पुसली. पाणी लावायचं नाही, तेल नाही, ओला हातसुद्धा नाही, अशी अप्पाची ताकीद. मी एकदा गालाला बोट लावलं तर आठ दिवस माझ्याशी अबोला धरला होता.

गेल्या वर्षी मुंबईहून राजेश्रीबाई आल्या. युरोपातल्या जुन्या कलावस्तूंची प्रदर्शनं भरवून त्या देशोदेशीच्या संग्राहकांना दाखवायच्या, हा त्यांचा व्यवसाय. अप्पानं पाठवलेले फोटो त्यांनी पाहिले होते. टॉर्च मारून अर्धा तास त्यांनी गौरम्मा न्याहाळली.

"इटलीचंच आहे," त्या म्हणाल्या. "आणि कुठे एक डाग नाही. अप्पा, कसं सांभाळलंत हो तुम्ही?"

पुतळा त्या आपल्या प्रदर्शनात नेऊन ठेवणार होत्या आणि शेजारी कार्ड लागणार होतं: 'ईश्वरअप्पा, परभणी, यांच्या संग्रहातून.' विकली तर किती येतील, हे अप्पानं विचारलंसुद्धा नाही. त्याला ते कार्ड हवं होतं. जन्मभर भंगारवाला म्हणवून घेतल्यावर एकदा, जाणत्या लोकांपुढे, त्याला आपली नजर खरी ठरायला हवी होती. त्या महिन्याभरात त्यानं मला कार्डाची गोष्ट इतक्यांदा सांगितली की मी वैतागलो.

टेम्पो आला त्या सकाळी मीही हजर होतो. पुतळा गुंडाळायचा तेवढा बाकी होता. चन्नबसम्मा हळदी-कुंकवाचा करंडा घेऊन आली आणि दारातच थबकली.

"अवो, एवढं बोट लावू का? लेक घरातून निघालीय. कोरं कपाळ कसं धाडावं?"

आता अप्पा भडकणार, असं मला वाटलं. अप्पा गौरम्माकडे बघत होता आणि त्याचे डोळे भरून आले होते.

"लाव," तो म्हणाला.

तिनं हळद भिजवून कपाळावर बोट टेकवलं, वर कुंकू लावलं, पुढ्यात खण-नारळ ठेवून ओटी भरली. मी अडवायला हवं होतं. खरं सांगतो, मलाही भरून आलं होतं.

चौथ्या दिवशी राजेश्रीबाईंचा फोन आला. हळद दगडाच्या आत उतरली होती आणि काही केल्या निघत नव्हती. "त्या लोकांपुढे मी हे ठेवू शकत नाही, अप्पा. माफ करा." आठवड्यात पेटी परत आली. अप्पा बाहेर गेलेला बघून चन्नबसम्मानं जीव तोडून लिंबू चोळलं, आणि होती ती झिलईसुद्धा गेली. आता गौरम्माच्या कपाळावर खरबरीत पिवळा चट्टा आहे.

अप्पा तिला एका शब्दानं बोलला नाही. मला म्हणाला, "तिला काय ठावं? मला ठावं होतं की. तीस वर्सं लोकांला मीच सांगायलो, अन् मीच म्हणलो, लाव." मी समजूत घालायला गेलो, पण तो ऐकतच नव्हता. चन्नबसम्मानं धूळ पुसणं सोडलं. ती आता त्या कोपऱ्याकडे फिरकत नाही.

परवा पिंगळीचे व्यंकटराव जुनं भिंतीवरचं घड्याळ घेऊन आले. "अप्पा, जर्मनीचं हाय म्हणतेत. बघा बरं, अस्सल हाय का?"

अशी वस्तू आली की पूर्वी अप्पा जेवण टाकून उठायचा. मी कान देऊन बसलो. भिंग ठेवायचा खण काही उघडला नाही.

"मला त्यातलं कळत न्हाई," अप्पा म्हणाला. "वजनावर घेतो. ठेवा काट्यावर."