नळीखालचा कुकारा

जव्हारहून खोडाळ्याकडे जाताना एक पाडा लागतो. त्याच्या मागून जंगलात शिरलं की पाऊण तासात कड्यावर पोचता येतं. वाट लहान, पण अंगावर येणारी. शेवटी दोन काळ्या कातळांमधून एक अरुंद नळी आहे. तिथे हात टेकत चढावं लागतं, आणि दोन ओझंवाली माणसं एकमेकांना ओलांडू शकत नाहीत. म्हणून त्या वाटेचा एक रिवाज आहे. वर जाणाऱ्याने नळीखालच्या सपाट दगडावर थांबून कुकारा, म्हणजे लांबवर जाणारी हाळी, द्यायचा. वरून कोणी उतरणार असेल तर तो उत्तर देतो, मग खालच्याने थांबायचं. उत्तर आलं नाही तर वाट मोकळी, चढायचं.

हे मला अब्बांनी शिकवलं. अब्बा पत्र्याचं काम करत. रॉकेलच्या चिमण्या, डबे, बादल्यांची बुडं. भात झोडून झालं की कातर, कथील आणि शेगडी पाठीवर टाकून ते वरच्या पाड्यांवर जात. तोंडाशी दोन्ही हात धरून ते असा कुकारा देत की पाड्यावरची माणसं आवाजावरून ओळखत, चाचा आले. लहानपणी मला त्याचा अभिमान वाटे. पुढे ठाण्याला नोकरी लागली आणि तो अभिमान कुठेतरी गळून पडला. ऑफिसात मी सांगत असे, वडिलांचा जव्हारला हार्डवेअरचा व्यवसाय आहे.

सन दोन हजारच्या आसपास, दिवाळीनंतरच्या एका रविवारी, माझे साहेब बायको आणि दोन मुलींना घेऊन जव्हार बघायला आले. माझ्या बढतीचं बोलणं चालू होतं. मीच आग्रह केला होता.

"पॉइंट कसलाही दाखव," साहेब म्हणाले, "फक्त भेळवाला नसलेला!"

अब्बा आमच्याबरोबर निघाले. कथील लावताना उठणाऱ्या तेजाबाच्या धुराने त्यांची छाती केव्हाच खराब झाली होती. दोन वर्षांत ते कड्यावर चढले नव्हते. पण वरच्या पाड्यावरच्या एका बाईची बादली त्यांच्याकडे तेव्हापासून पडून होती. बूड बदललेलं, सांध्याला कथलाची झाळ दिलेली, घासून लख्ख केलेली. जीपजवळ त्यांनी ती माझ्यापुढे धरली.

"तू वर जातोयस तर देऊन ये. कड्यापासून पाच मिनिटांवर घर आहे."

साहेबांच्या मुली बादलीकडे बघत होत्या. मी हळूच म्हणालो, "आज राहू द्या ना, अब्बा."

"मग मी नळीपर्यंत आणतो. तिथे कोणीतरी भेटेलच."

ते सगळ्यांच्या मागून चालत राहिले. दर वळणावर बादलीच्या कडीचा आवाज यायचा आणि मी चाल वाढवायचो. नळीखाली पोचलो तेव्हा ते सपाट दगडावर बसले. ओठ काळसर झाले होते.

"तुम्ही व्हा पुढे," ते साहेबांना म्हणाले. "मी जरा दम खातो. पोरींचा हात धरा हां, शेवाळ आहे."

"काका, तुम्ही तर आमच्यापेक्षा फिट!" साहेब म्हणाले. अब्बा हसले.

कड्यावर गेलो. खाली वैतरणेचं खोरं, पिकलेल्या नागलीचे पिवळे तुकडे, पलीकडे नाशिककडच्या डोंगरांची रांग. साहेबांच्या बाई फोटो काढत होत्या. मी साहेबांना डोंगरांची नावं सांगत होतो, निम्मी मनची. तेवढ्यात खालून कुकारा आला.

मुली दचकल्या, मग खो-खो हसल्या. धाकटीने नक्कल केली.

"अरे, हे काय कोल्हा की माणूस?" बाईंनी विचारलं.

"तुझे वडील तर नाहीत ना?" साहेब म्हणाले.

"नाही, नाही. असेल कोणी गुराखी."

पुन्हा एकदा आला. या वेळी मध्येच तुटला, कारण श्वास पुरला नव्हता. मी एवढंच करायला हवं होतं की तोंडाशी हात धरून एक आवाज द्यायचा. ते थांबले असते. कितीही वेळ थांबले असते. पण साहेबांसमोर मला तो आवाज काढायचा नव्हता. मी गप्प राहिलो. गप्प राहण्याचा अर्थ काय होतो, हे त्या कड्यावर एकट्या मलाच माहीत होतं, असं मला तेव्हा वाटलं.

उतरताना ते नळीच्या मध्यावर सापडले. कातळाला पाठ लावून बसलेले, बादली दोन पायांत घट्ट धरलेली. बोलता येत नव्हतं. साहेबांनी आणि मी त्यांना धरून खाली आणलं. बादली साहेबांच्या बाईंनी घेतली. जीपमध्ये जरा श्वास आल्यावर अब्बांनी घरच्या बोलीत विचारलं, "आवाज नहीं आई क्या?"

"हवा थी, अब्बा."

माझ्याकडे क्षणभर बघून ते म्हणाले, "हां. ऊपर हवा रहती है."

त्यानंतर ते अंथरुणातून फारसे उठले नाहीत. थंडी संपायच्या आत गेले. डॉक्टर म्हणाले, छाती आधीच संपली होती, आज ना उद्या हेच व्हायचं होतं. लोक मला ते समजावून सांगत. अम्मी येणाऱ्या प्रत्येकाला सांगे, "उस दिन हवा बहुत थी. बच्चे तक आवाज गई नहीं." मी शेजारी बसून ऐके. ती असेपर्यंत ऐकत राहिलो.

अब्बांचा चाळिसावा दिवस झाला आणि मी बादली घेऊन निघालो. एकटाच. नळीखाली दगडावर उभा राहिलो, पण कुकारा द्यायच्या आधी वरून पानांचा आवाज आला आणि एक बाई कारवीचा भारा घेऊन उतरली. तिने आधी बादली ओळखली, मग मला.

"चाचांचा लेक ना तू? चाचा गेले, आयकलं मी." तिने भारा टेकवला आणि दगडावर बसली. मग म्हणाली, "चूक माझी झाली रे. त्या दिवशी मी वरच व्हते, कारवी तोडीत. चाचांचा कुकारा आयकला. दोनदा आयकला. म्हटलं, लेक हाये वर, तो देल. मी कशाला मध्ये बोलू? म्हणून गप रायले."

म्हणजे तीन महिने ती हे उरावर घेऊन बसली होती. मी खरं बोललो असतो तर ती त्याच क्षणी सुटली असती. माझ्या तोंडून निघालं, "मला ऐकूच आलं नाही, मावशी. वारा होता."

तिने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. वारा नव्हता. त्या दिवशी पान हलत नव्हतं, आणि कारवी तोडणाऱ्या बाईला ते माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होतं.

"असंल," ती म्हणाली. "वर असतो वारा."

अब्बांचेच शब्द. तेवढ्याच हळू आवाजात. तेव्हा मला कळलं की जीपमध्ये अब्बांनी माझ्याकडे क्षणभर का पाहिलं होतं.

तिने बादली उलटी करून बुडावर बोटं वाजवली, झाळीवरून अंगठा फिरवला. "चाचांचा हात," एवढंच म्हणाली. भारा तिथेच दगडाशी ठेवला, बादली डोक्यावर पालथी घातली आणि ती पुन्हा वर गेली, घरी ठेवून यायला.

वर पोचल्यावर तिने कुकारा दिला. खाली मी आहे हे तिला माहीत होतं, तरी दिला. मी तोंडाशी हात धरले. पहिल्यांदा आवाज फुटला नाही. मग फुटला, अब्बांसारखा नाही, पण फुटला. नंतर तिच्याकडून काही आलं नाही. मी मात्र त्या दगडावर उभा राहून उत्तर देत राहिलो.