नामपूरची खाष्ट सासू आणि एक हिरवा ब्लाउज

नाशिकला दोन दिवस येतोय, काय बघू, असं मला दर आठवड्याला कुणीतरी विचारतं. उत्तर त्यांना आधीच माहीत असतं: मिसळ, द्राक्षमळे, धरणाकाठचा सूर्यास्त. ते तुम्हाला कुणीही सांगेल. मी एका रुग्णालयातून मेट्रन म्हणून निवृत्त झाले, नाशकातच राहते, आणि माझी छोटी गाडी स्वतः चालवते. या जानेवारीत मी ठरवलं की पाहुण्यांच्या वाटा सोडून जिल्ह्याच्या उत्तरेला जायचं. स्वतःचं दुकान, स्वतःची कला सांभाळून गावात राहिलेल्या माणसांशी बोलायचं. सायखेडा, कळवण, नामपूर.

"तिकडे बघायला काय आहे?" सुनेनं विचारलं.

"बघून आल्यावर सांगते," म्हटलं आणि निघाले.

सायखेडा खरं तर वाकडी वाट होती. पण तिथे ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या रंगवणारा एक पेंटर आहे, असं ऐकलं होतं. गोदाकाठची सकाळ, धुकं इतकं की समोरची उसाची ट्रॉली हाताच्या अंतरावर आल्यावर दिसली. थंडीत या रस्त्यानं जाणार असाल तर उजाडल्यावरच निघा आणि पुढच्याला ओलांडायची घाई करू नका. पेंटर भल्या सकाळी कामाला लागला होता. मोर, नांगर, दोन कमळं, आणि ट्रॉलीच्या मागच्या फळीवर तो पिवळ्या रंगात अक्षरं काढत होता: 'सासू देखी राहिनी'.

म्हणजे सासू बघते आहे. ही अहिराणी. सायखेड्यात अहिराणी कुठून आली, म्हणून विचारलं, तर ट्रॉली नामपूरच्या गिऱ्हाइकाची निघाली. तिकडं कुठली तरी सासू मोबाइलवर लय गाजतीय म्हणे, तिचं हे वाक्य.

"मला त्यातलं काय कळत नाय, बाई," तो म्हणाला. "पण मागून येणारा गडी ब्रेक दाबतो. हॉर्न ओके लिहिल्यानं दाबत नाय."

मला हे इतकं आवडलं की मी तिथेच उभ्या उभ्या दोन कप चहा घेतला. दहा रुपयांना एक, आलं भरपूर.

पिंपळगावला महामार्ग धरला, चांदवडहून देवळ्याकडे वळले. घाट छोटा आहे, रस्ता चांगला. दुपारी कळवणला ललिताच्या दारात पोचले. ललिता माझ्या हाताखाली शिकलेली परिचारिका. लग्नानंतर नोकरी सोडून ती आणि तिचा नवरा भाऊसाहेब भाजीच्या रोपांची नर्सरी चालवतात. हिरव्या जाळीखाली ट्रेच्या रांगा, टोमॅटो, मिरची, कोबी. वॉर्डातल्या खाटांसारखी ललिता प्रत्येक रांगेवरून नजर फिरवत होती, ते पाहून मला बरं वाटलं. शेतकरी रोप नेतो, पण पीक बिघडलं की रात्री फोन नर्सरीवाल्याला करतो, असं भाऊसाहेब सांगत होते. धंदा रोपांचा असला तरी निम्मं काम धीर देण्याचं.

पण ललिताचं चित्त त्या दिवशी रोपांत नव्हतं. जेवताना सगळं बाहेर आलं. बाजरीची भाकरी, वांग्याचं भरीत, कांद्याची पात आणि मिरचीचा ठेचा. ठेचा जपून घ्या, इथला ठेचा पाहुणा ओळखत नाही.

ललिताची मुलगी अश्विनी बी. एस्सी. ॲग्री झालेली. तिच्यासाठी नामपूरचं स्थळ आलं होतं. मुलगा योगेश, पाण्याच्या मोटारी दुरुस्त करायचं त्याचं स्वतःचं दुकान. दोघं एकमेकांशी बोलले होते, दोघांची पसंती होती. दुसऱ्या दिवशी घर पाहायला जायचं होतं. अडचण एकच होती. मुलाची आई मंदाताई, म्हणजे ट्रॉलीवरची ती सासू.

मंदाताईचा धंदा ब्लाउज शिवण्याचा. पण गावातला एक फोटो स्टुडिओवाला तिला घेऊन अहिराणीत व्हिडिओ करतो. त्यांत ती सुनेला छळणारी सासू असते. ताट ओढून घेते, डब्याला कुलूप लावते, सुनेला परसात बसवून स्वतः लाडू खाते. कसमाद्यात, म्हणजे कळवण, सटाणा, मालेगाव, देवळा या पट्ट्यात, लहान पोरंही तिची नक्कल करतात. आधीच्या दोन स्थळांनी व्हिडिओ पाहूनच नकार कळवला होता.

"नाटक आहे ते, आई," अश्विनी म्हणाली.

"नाटक इतकं चांगलं जमत नाय कुणाला," ललिता म्हणाली. मग माझ्याकडे वळून, "मॅडम, उद्या तुम्ही आमच्याबरोबर चला."

"मी लग्नं जमवत नाही."

"जमवू नका. नुसतं बघा. तुम्ही वॉर्डात पाय ठेवला की कुणाचं खरं दुखतंय अन् कोण सोंग करतंय, ते तुम्हाला कळायचं."

हे खरं आहे. मी हो म्हटलं, आणि तपासणीला जायचं तर आधीचे कागद बघावेत तसे मी सगळे व्हिडिओ लावायला सांगितले. पहिल्यापासून, क्रमानं.

बाई जबरदस्त आहे. आवाज चढवत नाही. नुसती चष्म्यावरून बघते आणि म्हणते, "सासू देखी राहिनी," की समोरच्याच्या हातातला घास गळून पडतो. भाऊसाहेब पोट धरून हसत होते आणि बायकोकडे बघून मध्येच गप्प होत होते. सुनेचं काम करणारीही चांगली रडते. गरीब सून म्हणून तिच्या अंगावर प्रत्येक वेळी तेच विटकं लुगडं, तोच हिरवा ब्लाउज.

पाहता पाहता माझ्या डोळ्यांना एक गोष्ट खटकली. पहिल्या व्हिडिओत त्या सुनेच्या गळ्याची हाडं मोजता आली असती. मधल्या व्हिडिओंत गाल भरले. शेवटच्यात तिला दुसरी हनुवटी आली होती. महिनोन्महिने जिच्या पुढचं ताट ओढलं जातं, ती बाई बाळसं धरत होती. आणि ब्लाउज तोच असून कुठे काचत नव्हता. अर्धवट निदान बोलून दाखवायची मला सवय नाही.

सकाळी सटाण्यावरून नामपूर. दोन्ही बाजूंना डाळिंबाच्या बागा आणि कांद्याची हिरवी रानं. गावाजवळ कांद्याच्या गाड्यांची रांग लागते, बाजाराच्या दिवशी जाणार असाल तर वेळ हाताशी ठेवा. मंदाताईचं दुकान घराच्याच पुढच्या खोलीत आहे. आम्ही उतरलो तेव्हा शेजारची एक म्हातारी पायरीवर उभी राहून तिला चक्क झापत होती.

"वं बाई, तुनी सूनले पोटभर भाकर का बरं देत नही?"

मंदाताईला अजून सूनच नाही. म्हातारी व्हिडिओतल्या सुनेबद्दल बोलत होती. ललितानं माझ्याकडे असं पाहिलं, की बघा, गावसुद्धा हेच म्हणतंय.

पुढचा अर्धा तास मला जड गेला. मंदाताईनं आमच्यासाठी चांगली सासू व्हायचं ठरवलं होतं. आणि काय सांगू, तिला ते अजिबात जमत नव्हतं. ती गालात हसू धरून बसली, छापील मराठीत बोलू लागली. "आपण निःसंकोच बसावं. आमच्या घरात सुनेला लेकीचं स्थान राहील." योगेश बिचारा जमिनीकडे बघत होता. अश्विनीच्या डोक्यावरून हात फिरवताना त्या बाईचा हात असा ताठ होता, की मलाच ते सोंग बघवेना. ललिताचा चेहरा पार उतरला. खोटं तिलाही कळतं, माझ्याच हाताखाली शिकली आहे.

मी उठले आणि दुकानाच्या खोलीत गेले. तुमचं काम बघायचंय, म्हटलं. शिलाई मशीन, हुकांचे डबे, भिंतीला टांगलेली मापं. मशीनवर तो हिरवा ब्लाउज पडला होता, आतली बाजू वर. मी तो उचलला. बाहेरून कापड विटून पोपटी झालेलं होतं. पण बाजूच्या शिवणीलगत गर्द हिरव्या पट्ट्या होत्या, उन्हाचा आणि साबणाचा स्पर्श न झालेल्या. एकीशेजारी दुसरी, तिच्याशेजारी तिसरी. आत दुमडून ठेवलेलं कापड पुन्हा पुन्हा उसवून ब्लाउज ढिला केला होता.

तेवढ्यात एक बाई झपाझप आत आली. "मंदाक्का, झाला का? परवा शूटिंग आहे अन् मला हात वर करता येत नाही," असं म्हणत तिनं मला पाहिलं आणि जीभ चावली. व्हिडिओतली उपाशी सून ती हीच. संगीता नाव, गावात ब्युटी पार्लर चालवते.

मी तिला विचारलं, किती वजन वाढलं?

"नका विचारू," ती म्हणाली. "सगळं हिच्यामुळं. शूटिंगच्या दिवशी आधी मला जेवायला बसवते. मी म्हणते, आक्का, मी उपाशी दिसली पाहिजे ना. तर हिचा नियम."

मंदाताई दारात येऊन उभी होती. तिच्या मागे ललिता.

"कसला नियम?" मी विचारलं.

मंदाताईचं छापील मराठी तिथे संपलं. "ज्याले उपाशी दखाडनं, त्याले आधी पोटभर खावाडनं," ती म्हणाली. तिच्या आईची शिकवण होती ही. खोट्यासुद्धा कुणाच्या पुढचं ताट ओढायचं तर त्याचं पोट आधी खरं भरलेलं पाहिजे. वर म्हणाली, पोट भरलेलं असलं तरच माणसाला नीट रडता येतं.

मी ब्लाउज ललिताच्या हातात दिला. ती त्या गर्द पट्ट्यांवरून एकेक करून बोट फिरवत राहिली. मग संगीताच्या हनुवटीकडे बघितलं आणि तोंडावर पदर घेऊन हसायला लागली. तिला हसताना मी त्या दोन दिवसांत पहिल्यांदा पाहत होते.

तिच्या हसण्याचा मंदाताईनं भलताच अर्थ घेतला. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "मी बंद करी टाकसू," ती म्हणाली. "मना आंडोरनं, योगेशनं लगीन व्हवाले पाहिजे. आजपासून व्हिडिओ बंद."

संगीता मटकन स्टुलावर बसली. तिनंच मग सांगितलं, की या गोष्टी कुणी कागदावर लिहीत नाही. मापं द्यायला आलेल्या बायका हात पसरून उभ्या असतात आणि घरचं बोलतात. मंदाताई ऐकते, नावं बदलते, स्टुडिओवाल्याला सांगते. काही सुना घरी मुद्दाम मोबाइलचा आवाज मोठा करून सासूसमोर लावतात. एका घरी डब्याचं कुलूप त्यानंतर निघालं होतं.

योगेशनं आईकडे पाहिलं, अश्विनीनं तिच्या आईकडे. निर्णय ललिताचा होता आणि तिला ते माहीत होतं.

तिनं ब्लाउजची घडी घातली, मशीनवर ठेवली. "बंद नका करू, विहीणबाई," ती म्हणाली. "पण एक सांगून ठेवते. माझी पोरगी लवकर अंग धरते. तिला जरा बेतानं वाढा."

विहीणबाई हा शब्द ऐकून भाऊसाहेब उठून बाहेर गेले आणि नाक शिंकरून परत आले.

मग जेवण. खापरावर भाजलेले मांडे, वर दूध आणि तूप, शिवाय झणझणीत आमटी. मी दुसऱ्यानंतर हात आडवा धरला. मंदाताईनं चष्म्यावरून बघितलं. मी मेट्रन म्हणून आयुष्य काढलं आहे, मला कुणी नजरेनं दाबत नाही. तिसरा खाल्ला.

निघताना मी एक ब्लाउज शिवायला टाकला. शिलाई नाशिकपेक्षा पुष्कळ कमी, आणि मापं अशी काळजीपूर्वक घेतली की मी खूश झाले. तरी बजावलं: आत जादा कापड ठेवायचं नाही, माझं वजन वर्षानुवर्षं हललेलं नाही. हो मॅडम, ती म्हणाली.

घरी आल्यावर सुनेनं पुन्हा विचारलं, तिकडे बघायला काय आहे? मी तिला व्हिडिओ लावून दिला. ती हसली, मग माझ्याकडे बघून जरा जास्तच हसली. त्याची चौकशी मी केली नाही.

वाचकहो, जरूर जा. तिथे तिकीट नाही, फलक नाही. दुकानात काहीतरी काम घेऊन जा, म्हणजे बोलायला निमित्त होतं आणि त्यांचा वेळ फुकट जात नाही.

गेल्या आठवड्यात एसटीच्या पार्सलनं माझा ब्लाउज आला. सोबत लग्नाची पत्रिका. ब्लाउज चोख बसला. काढून उलटा केला, तर दोन्ही शिवणींच्या आत चांगलं दोन-दोन बोटं कापड दुमडून ठेवलेलं. सांगितलेलं ऐकायचंच नाही, म्हणून मी कात्री आणायला उठले.

मग पत्रिकेवर तारीख बघितली. लग्न नामपूरलाच आहे, आणि मला आधी चार दिवस राहायला बोलावलंय. कात्री होती तिथेच ठेवली.